फिरत्या दवाखान्यासाठी तीन सिम: रेंज आणि अपलोड मोजण्याच्या नोंदी

३ फेब्रुवारी

आमच्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीला ११ थांबे आहेत. प्रत्येक थांब्यावरून ईसीजी, जखमांचे फोटो आणि गरज पडली तर व्हिडिओ कॉल हृदयरोगतज्ज्ञांपर्यंत पोहोचायला हवा. गेल्या महिन्यात थांबा ७ वर छातीत दुखणाऱ्या एका आजोबांचा ईसीजी २५ मिनिटं अडकून पडला. गाडी मुख्य रस्त्यावर नेल्यावर तो गेला. आजोबा बरे आहेत, पण ती २५ मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत. गाडीतल्या राउटरमध्ये दोन सिम बसतात. ती कोणत्या दोन कंपन्यांची असावीत, हे आता मोजूनच ठरवायचं.

तीन कंपन्यांची सिम घेतली आहेत. इथे त्यांना क, ख आणि ग म्हणते. नावं मुद्दाम लिहीत नाही. तुमच्या भागात क्रम पूर्ण उलटा असू शकतो, आणि नाव वाचून कोणी तेच सिम घेऊन मोकळं झालं तर माझी मेहनत त्यांच्या तोट्याची ठरेल. उपयोग आहे तो मोजायच्या पद्धतीचा.

५ फेब्रुवारी

पहिला दिवस. क आणि ख माझ्या नव्या फोनमध्ये आणि ग घरातल्या जुन्या फोनमध्ये, नेहमीचं स्पीड टेस्टचं ॲप लावून. चार थांबे झाले. क सगळीकडे पुढे, ख मधे, ग फार मागे. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंना सांगूनही टाकलं की ग बाद.

९ फेब्रुवारी

५ तारखेचं सगळं खोडलं. आज थांबा २ वर सिमांची अदलाबदल करून पाहिली. ग नव्या फोनमध्ये घातलं तर वेग तिपटीच्या आसपास गेला, आणि क जुन्या फोनमध्ये घातल्यावर तेच रडायला लागलं. चार दिवस मी कंपन्या मोजत नव्हते, फोन मोजत होते. जुना फोन दोन-तीन बँड, म्हणजे टॉवरच्या लहरींचे वेगवेगळे पट्टे, एकत्र जोडून वापरू शकत नाही, आणि ग ज्या बँडवर जास्त जागा देते त्यातला एक बँड तो पकडतच नाही. टॉवर कितीही चांगला असो, फोनला तो ऐकूच येत नसेल तर काय उपयोग!

यावर उपाय म्हणून एकाच मॉडेलचे तीन फोन लागणार होते. गटातल्या दोघांकडे माझ्यासारखाच फोन निघाला, तो तीन आठवड्यांसाठी मागून घेतला. तरीही दर दिवशी सिम एका फोनमधून पुढच्या फोनमध्ये सरकवायचं ठरवलं. एकाच मॉडेलच्या दोन फोनांतही थोडा फरक दिसतोच, आणि एखाद्याचं कव्हर जाड असतं.

प्रत्येक फोनमध्ये एकच सिम. दोन सिम असतात तेव्हा दुसऱ्यावर कॉल आला की पहिल्याचं नेट तुटतं किंवा मंदावतं. माझे दोन आकडे असेच वाया गेले होते.

११ फेब्रुवारी

आज डेटा संपण्याचा धडा. ॲपची एक पूर्ण चाचणी चांगल्या रेंजमध्ये १५० ते २५० एमबी खाते. हिशोब साधा आहे: १०० एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटने, १० सेकंद म्हणजे १२५ एमबी (आठ बिटांचा एक बाइट), तेही एकाच दिशेने. तिसऱ्या थांब्यापर्यंत क चा दिवसाचा डेटा संपला, कंपनीने ठरल्याप्रमाणे वेग पाडला, आणि मी वहीत लिहिलं की थांबा ३ वर क ची रेंज वाईट. काकांनी, म्हणजे आमच्या चालकांनी, विचारलं, "ताई, सकाळपासून पहिल्यांदाच का बसलं हे?" तेव्हा शिल्लक डेटा तपासला. नाहीतर ती नोंद तशीच राहिली असती.

आता प्रत्येक थांब्यावर पहिलं काम म्हणजे शिल्लक डेटा बघून वहीत लिहायचा.

१२ फेब्रुवारी

मोजायचं काय, हे आज नीट ठरवलं. स्पीड टेस्टचं ॲप जवळचा सर्व्हर शोधतं. तो बऱ्याचदा कंपनीच्याच जाळ्यात असतो. शिवाय ते एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून मिळेल तेवढा वेग ओढतं. आमचा ईसीजी मात्र एकाच जोडणीतून, बाहेरच्या सर्व्हरवर जातो. मोठ्या अक्षरातला डाउनलोडचा आकडा आम्हाला कामाचाच नाही. आम्हाला हवं ते अपलोड.

म्हणून भाड्याच्या एका छोट्या सर्व्हरवर आयपर्फ३ हे वेग मोजायचं साधन टाकलं. त्यात फोनकडून सर्व्हरकडे पाठवणं हीच मूळ दिशा आहे, म्हणजे आम्हाला हवी तीच. वेळेऐवजी आकारमान ठरवून दिलं: प्रत्येक वेळी ५ एमबी पाठवायचे. आमचा सर्वांत जड फोटो ४ एमबीच्या आसपास असतो. ६० सेकंदांत ५ एमबी पोहोचले नाहीत तर ती चाचणी नापास. म्हणजे साधारण ०.६७ एमबीपीएस ही आमची रेघ.

इतक्या छोट्या फाईलने खरा वेग कळत नाही, जोडणी वेग धरेपर्यंत फाईल संपते, असं एका मित्राने सांगितलं. बरोबर आहे. पण ईसीजीची फाईलही तशीच संपते. जे काम करायचं आहे तेच मोजायचं, यावर मी ठाम आहे.

प्रत्येक थांब्यावर प्रत्येक सिमच्या ६ चाचण्या, ३० एमबी. दिवसाला चार थांबे, १२० एमबी. डेटाची अडचण मिटली.

१४ फेब्रुवारी

तिन्ही फोन एकदम सुरू केले आणि दोन-दोन चाचण्या पडत गेल्या. अर्धा दिवस मला वाटत होतं की तिन्ही कंपन्यांचं आज काहीतरी बिघडलं आहे. संध्याकाळी चूक सांगणारा संदेश नीट वाचला. सर्व्हर दुसऱ्या चाचणीत गुंतला आहे, नंतर प्रयत्न करा, असं तो सांगत होता. आयपर्फ३चा एक सर्व्हर एका वेळी एकाच चाचणीला उत्तर देतो. तीन वेगवेगळ्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या तीन दारांवर, ५२०१, ५२०२ आणि ५२०३ वर, तीन सर्व्हर उभे केले आणि प्रत्येक फोनला आपापला पोर्ट दिला. आजच्या सगळ्या नोंदी रद्द.

याच निमित्ताने वहीत एक रकाना वाढवला: नापास झाली तर कशामुळे. सर्व्हर सापडला नाही, मधेच तुटलं की ६० सेकंद उलटले, हे वेगळं लिहायचं.

१७ फेब्रुवारी

रेंजच्या दांड्यांवर विश्वास ठेवायचा नाही. किती ताकदीला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारे आपापलं ठरवतात. मी आरएसआरपी लिहिते, म्हणजे टॉवरच्या सिग्नलची फोनपर्यंत पोहोचलेली ताकद, डीबीएम या एककात. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनांत *#*#४६३६#*#* डायल केलं की तो दिसतो, काहींमध्ये वेगळं ॲप लागतं. आकडा उणे असतो: उणे ८५ डीबीएम म्हणजे छान, उणे १०० म्हणजे चालेल, उणे ११० च्या खाली गेलं की दम लागतो. त्याच्याबरोबर एसआयएनआरही, म्हणजे सिग्नल गोंगाटापेक्षा किती वर आहे तो आकडा, लिहायचा, कारण आवाज मोठा असून गोंगाटही तेवढाच असेल तर शब्द कळत नाहीत. एसआयएनआर २० च्या वर असेल तर उत्तम, शून्याखाली गेला की अडचण.

बाजारपेठेतल्या थांबा १ वर हे डोळ्यांनी दिसलं. क चा आरएसआरपी उणे ७८. सकाळी ७ वाजता अपलोड २२ एमबीपीएस, आणि दुपारी १२ वाजता त्याच जागी, त्याच उणे ७८ वर, १.३. टॉवर जवळच आहे, पण त्याच्यावर अख्खा बाजार टांगलेला आहे. ग चा सिग्नल तिथे कमजोर, उणे ९७, पण दुपारी अपलोड ४ च्या खाली गेलं नाही. म्हणून आता प्रत्येक थांबा निदान दोन वेगवेगळ्या वेळांना मोजायचा. एकाच वेळेचा आकडा मी यापुढे कोणालाही सांगणार नाही.

१९ फेब्रुवारी

फोन कुठे ठेवायचा यावर आज पूर्ण सकाळ गेली. गाडी पत्र्याची. औषधांच्या फ्रिजशेजारी ठेवलेला फोन आणि खिडकीतला फोन यांच्यात १० डीबीपेक्षा जास्त फरक आला. हातात धरला की आणखी पडतो. तिन्ही फोन एकमेकांवर रचून ठेवणंही चूक, शेजारी शेजारी प्रसारण करणारे फोन एकमेकांना त्रास देतात. आता प्लास्टिकच्या ट्रेमध्ये हातभर अंतराने, सगळे उभे, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, आणि ट्रे डाव्या खिडकीशी.

पुढच्या काचेखाली ठेवले होते तेव्हा उन्हाने फोन तापले आणि एकाने ५जी सोडून ४जी धरलं. मला वाटलं कंपनीचं ५जी गेलं. सावलीत १५ मिनिटं ठेवल्यावर परत आलं.

५जीबद्दल एक गोष्ट इथेच लिहून ठेवते. वरच्या पट्टीत ५जी दिसलं म्हणजे आपली फाईल ५जीवरून जाते आहे असं नाही. ४जीचा टॉवर आपल्यासोबत ५जी आहे असं जाहीर करतो तेवढ्यावरही काही फोन ते चिन्ह दाखवतात. थांबा ५ वर ख चं ५जी दिसत होतं आणि आकड्यांच्या पडद्यावर ५जीची एकही जोडणी नव्हती.

२२ फेब्रुवारी, थांबा ७

ज्याच्यासाठी हे सगळं चाललं आहे तो थांबा. डोंगराच्या कुशीत, तीन बाजूंनी चढ. क इथे नावालाच. ख उणे ११४, ग उणे ११२. गंमत वाटावी असा आकडा ग चा: डाउनलोड ६ एमबीपीएस, अपलोड ०.२. व्हिडिओ दिसतो, बातम्या उघडतात, आणि ईसीजी जात नाही. गेल्या महिन्यात नेमकं हेच झालं होतं. नेट आहे, नेट आहे, असं आम्ही सगळे म्हणत राहिलो, कारण पडद्यावर सगळं उघडत होतं.

कारण सरळ आहे. टॉवर कित्येक वॅटने बोलतो. फोनला साधारण २३ डीबीएम, म्हणजे जेमतेम २०० मिलिवॅट, एवढीच मुभा आहे. टॉवरचं फोनला ऐकू येतं, फोनचं टॉवरला येत नाही. म्हणून काठावरच्या जागी आधी अपलोड मरतं. रेंज बघताना केवळ पान उघडून बघणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

फोनवर टायमिंग ॲडव्हान्सचा, म्हणजे टॉवर किती लांब आहे ते सांगणारा, आकडा ६२ दिसला. ४जीत त्याची एक पायरी साधारण ७८ मीटरची, म्हणजे टॉवर ४.८ किलोमीटरवर. नकाशावर त्या अंतरावर खिंडीच्या तोंडाशी टॉवर आहे. मग काकांना घेऊन चालत फिरले. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर, मूळ जागेपासून ४० पावलांवर, खिंड सरळ दिसते. तिथे ग उणे १०३, अपलोड २.४. ख ०.९. गाडी आता तिथे लावायची. एवढ्याशा सरकण्याने झालं. गेली दोन वर्षं आपण गाडी चुकीच्या झाडाखाली लावत होतो, हे काकांना फार लागलं. मी त्यांना म्हटलं, ती जागा सावलीसाठी निवडली होती आणि रुग्णांसाठी तेव्हा तेच बरोबर होतं.

२५ फेब्रुवारी

आणखी एक चूक. खिंड ओलांडून थांबा ८ वर आलो की फोन जुन्याच लांबच्या टॉवरला चिकटून राहतो, किंवा २जीवर पडला तर तिथेच बसतो. विमान मोड १० सेकंद लावून काढला की जवळचा टॉवर पकडतो. मी हे प्रत्येक वेळी आपसूक करत होते, म्हणजे माझे आकडे प्रत्यक्षापेक्षा चांगले येत होते. राउटरला असं कोण करून देणार? आता सहापैकी पहिल्या तीन चाचण्या आलो तशा, उरलेल्या तीन विमान मोडनंतर.

१८ मार्च

तीन आठवडे एकाच पद्धतीने मोजलं. प्रत्येक थांब्याला ६ भेटी, एकूण ६६. प्रत्येक सिमच्या ३९६ चाचण्या. मधल्या नोंदी इथे टाकत नाही, त्यात नवीन काही नाही.

आज हिशोब मांडला आणि पहिल्याच तक्त्यात फसले. यशस्वी अपलोडचा मधला आकडा: क १४.२, ख ६.८, ग ५.१ एमबीपीएस. क दुपटीने पुढे. तक्ता पाठवणार, एवढ्यात खालच्या ओळीवर नजर गेली. क च्या फक्त ३२५ चाचण्या मोजल्या गेल्या होत्या. उरलेल्या ७१ नापास, आणि नापासांना वेगच नसतो म्हणून त्या हिशोबातून गळल्या. ख च्या ३८ गळल्या, ग च्या २९. म्हणजे जी कंपनी कठीण जागी गप्प बसते तिचे वाईट आकडे जन्मालाच येत नाहीत, आणि तिचा हिशोब चांगला दिसतो. स्पीड टेस्टच्या ॲपमध्येही हेच होतं: जिथे नेटच नाही तिथे कोणी चाचणी लावत नाही, लावली तर ती पूर्ण होत नाही. लोकांनी जमवलेल्या नकाशांवरची रिकामी जागा म्हणजे रेंज नाही, की तिथे कोणी गेलंच नाही, हे नकाशा सांगू शकत नाही. आणि कंपन्यांचे स्वतःचे नकाशे तर बहुतेक गणिताने काढलेले अंदाज असतात, तेही उघड्यावरचे.

नापासला शून्य धरून परत मांडलं. सरासरी काढलीच नाही, प्रत्येक सिमचा खालचा दहावा हिस्सा बघितला, म्हणजे दहातली एक चाचणी ज्याच्या खाली राहते तो आकडा. क चा शून्य. ख चा जेमतेम रेघेवर. ग चा १.१. क पहिल्यावरून शेवटी गेली.

२० मार्च

मग ग मुख्य आणि क जोडीला, असं मनात होतं. क वेगवान, ग टिकाऊ. काल काकांनी एक गोष्ट सांगितली आणि सगळं परत उघडावं लागलं. थांबा १० आणि ११ च्या वाटेवर एकच उंच टॉवर आहे, त्यावर क आणि ग दोघांच्याही पेट्या आहेत. तिथली वीज गेली आणि टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्या की दोन्ही सिम एकदम जातात. माझ्या वहीत ते चार भेटींत दिसत होतं, पण मी क चं पान आणि ग चं पान वेगवेगळं वाचत होते, त्यामुळे जोडी दिसलीच नाही.

आता भेटीनुसार मांडलं. सहापैकी चार किंवा जास्त चाचण्या नापास तर ती भेट मेली असं धरलं. एकट्याने: क १२, ख ६, ग ५. आणि जोडीने एकाच वेळी मेलेल्या: क आणि ग ४, क आणि ख ३, ख आणि ग फक्त १, तीही वादळाच्या दुपारी थांबा ४ वर. ग ला क ची जोड दिली तर पाचापैकी एकच मेलेली भेट वाचते. ख ची दिली तर चार वाचतात. दुसरं सिम वेगवान असून भागत नाही, पहिल्याबरोबर न मरणारं लागतं. म्हणून राउटरमध्ये ग आणि ख.

दोन दिवस गेले, पण हे दोन दिवस आधीच्या तीन आठवड्यांइतके मोलाचे होते. नोंदी ठेवणाऱ्यांना माझी विनंती: तारीख आणि वेळ प्रत्येक चाचणीला लिहा. तीच नसती तर ही जोडी मांडताच आली नसती.

२३ मार्च

राउटर बसवला आणि वेग फोनपेक्षा कमी. दोन अँटेनांपैकी एकच जोडली होती, दुसरी सुटून मागे लोंबत होती. दोन्ही लावल्यावर डाउनलोड जवळपास दुप्पट. छतावरच्या अँटेनेपासून आलेली ५ मीटर बारीक केबल मात्र जवळजवळ निम्मी ताकद वाटेतच खात होती. राउटर छताजवळच्या फळीवर हलवला, केबल दीड मीटरवर आणली. थांबा ७ च्या वळणावर आता ग उणे ९८ आणि अपलोड ३.८.

२६ मार्च

थांबा ११, वीज गेलेली, ग बंद. राउटरने ख वर जायला हवं होतं. गेला नाही. ११ मिनिटं एका बाईंचा ईसीजी थांबला. घाई नव्हती, त्यांची नेहमीची तपासणी होती, तरी मला घाम फुटला. टॉवर बॅटरीवर तग धरून होता, पण त्याच्या मागची वाट, म्हणजे टॉवरला बाकीच्या नेटशी जोडणारी, तुटली होती. राउटरला नोंदणी दिसत होती, म्हणून त्याच्या दृष्टीने ग ठीक होतं. सेटिंग बदललं: दर १० सेकंदांनी बाहेरच्या दोन पत्त्यांना पिंग, म्हणजे उत्तर येतं का ते बघणारी छोटी हाक, सलग तीन चुकले की दुसरं सिम. पिंगचा पत्ता कंपनीच्याच सर्व्हरचा ठेवायचा नाही, मागची वाट तुटलेली असतानाही तो उत्तर देऊ शकतो. अंगणात ग ची जोडणी मुद्दाम अडवून पाच वेळा तपासलं. ४० सेकंदांच्या आत पाचही वेळा बदललं.

२९ मार्च

एकूण हिशोब: मोजणीचे २१ दिवस, त्याआधी वाया गेलेले ९, राउटरचे ४. प्रत्येक सिमवर चाचण्यांचा डेटा २ जीबीपेक्षा कमी. पहिल्या तीन दिवसांत ॲपने याच्या चौपट खाल्ला होता.

काकांच्या समोर एक कागद चिकटवला आहे. थांबा ७: टाकीच्या वळणावर, गाडीचं तोंड खिंडीकडे. थांबा ८: पोहोचल्यावर राउटर एकदा बंद करून चालू. थांबा ४: आभाळ गडगडायला लागलं तर आधी ईसीजी, मग बाकीची तपासणी. क चं सिम काकांच्या स्वतःच्या फोनमध्ये घातलं आहे. ग आणि ख दोन्ही गेले त्या एका दुपारी क चालू होतं, आणि काकांचा हॉटस्पॉट कसा लावायचा ते डॉक्टरीणबाईंनी आज तीनदा करून बघितलं.

थांबा ७ वरून आज दोन ईसीजी गेले. पहिला ९ सेकंदांत, दुसरा १४.